लेकीची उजवी बाही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. रफूवाली ती चढतच नसे. सव्वीस वर्षं ती पायरीच्या कडेला, भिंतीला पाठ लावून बसत आली होती. बाजूला सुयांचा डबा, मांडीवर एखाद्या वकिलाचा काळा कोट. वकिलांचे कोट कुठे फाटतात ते तिला विचारा. कोपरात आणि खिशाच्या तोंडाशी. कोपर टेबलावर टेकून टेकून झिजतं, आणि खिसा का फाटतो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

तिचा हात असा की फाटलं होतं कुठे, ते कोट घालणाऱ्यालाही सापडू नये. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा ओढायचा, आधी उभे धागे भरायचे, मग आडवे, एक वरून एक खालून. काम झालं की ती कोट गिऱ्हाइकापुढे धरून म्हणायची, "शोधा." गिऱ्हाईक शोधायचं, हरायचं आणि हसायचं. दिवसभरातलं सुख म्हणाल तर तिच्या वाट्याला एवढंच. शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, मावशी, देवाने तुझ्या हाताला जादू दिली खरी, पण पाठवताना पत्ता चुकला त्याचा.

नवरा लेक चालायला लागायच्या आधीच गेलेला. ही एकुलती एक लेक मात्र लाखात एक निघाली. आईची नजर अधू झाल्यापासून रोज सकाळी शाळेला निघण्याआधी ती वीस सुया ओवून ओळीने सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवायची, म्हणजे आईचा दिवसभराचा खोळंबा नको. बारावीला चांगले मार्क मिळाले, नर्सिंगला नंबर लागला. रफूवालीने पायरीवर बसल्या बसल्या येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, ओळख असो नसो. फीला हातभार म्हणून पोरगी सुट्टीचे दोन महिने गावाबाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात लागली. पहिल्या दिवशी नीटनेटकं दिसावं म्हणून आईने तिला नवा फिकट हिरवा कुर्ता शिवून दिला.

एकोणिसाव्या दिवशी यंत्राच्या दातेरी चाकाने त्या कुर्त्याची उजवी बाही ओढली, आणि बाहीबरोबर हात. दवाखान्यातून पोरगी घरी आली तेव्हा त्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती.

आता बघा गरिबाचं कसं होतं ते. पोरीला दवाखान्यात कारखान्याचा मुकादम घेऊन गेला, म्हणून फॉर्मही त्यानेच भरला. कसं लागलं, या रकान्यात त्याने लिहिलं: घरी दारात हात सापडला. पोरगी शुद्धीवर नव्हती, आई पायरीवर कोट भरत होती. हजेरीच्या वहीत पोरीचं नावच नाही, कारण दोन महिन्यांसाठी आलेल्यांची नावं कुणी लिहीतच नव्हतं. शेजारच्या यंत्रावरच्या बायका घरी येऊन रडून गेल्या, पण साक्षीला या म्हटल्यावर एकेकीचं तोंड उतरलं. रफूवालीने त्यांना बोल लावला नाही. प्रत्येकीच्या घरी खाणारी तोंडं होतीच. आणि नर्सिंगवाल्यांनी नियमाला धरून जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. सरकारने एक वकील दिला होता, त्याला सगळे फुकट वकील म्हणत. माणूस वाईट नव्हता. चाळीस जणांचे कागद एका पिशवीत कोंबून धावणारा माणूस वाईट व्हायला तरी वेळ कुठून आणणार? कारखान्याच्या बाजूने मोठे वकील होते. गावात मोठे वकील म्हटलं की तेच.

एके दिवशी फुकट वकील पायऱ्या उतरता उतरता तिच्यापाशी थांबला आणि त्या दिवशी पोरीच्या अंगात जो कपडा होता तो अजून आहे का, असं त्याने विचारलं. आहे, ती म्हणाली, दवाखान्याने पिशवीत घालून दिला होता, तो तसाच ट्रंकेत आहे.

"पुढच्या तारखेला घेऊन या, मावशी. आता सगळी भिस्त त्याच्यावरच आहे."

तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि तो पळाला. कशासाठी हवाय ते त्याने सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. सव्वीस वर्षं वकिलांचे कोट सांभाळले, पण वकिलाला उलट काही विचारता येतं हे या बाईला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

पोरगी दुपारी लोकांची लहान मुलं सांभाळायला जायची. ती गेल्यावर रफूवालीने ट्रंक उघडली. कुर्ता लाकडासारखा कडक झालेला. बाहीवर वाळलेलं रक्त, काळं वंगण, पुठ्ठे चिकटवायच्या खळीचे डाग, आणि कोपरापासून मनगटापर्यंत सात चिरा, सगळ्या सारख्या अंतरावर, मोजून फाडल्यासारख्या. तिने तो पोटाशी धरला आणि पोटभर रडून घेतलं.

मग डोळे पुसले आणि विचार केला. पायरीवर बसून तिने आयुष्यभर एकच गोष्ट पाहिली होती: मळक्या कपड्यातल्या माणसाला शिपाई बाहेर थांब म्हणतो, आणि स्वच्छ कपड्यातल्याला या म्हणतो. जज्जसाहेबापुढे लेकीचा असा चिंध्या झालेला, रक्ताळलेला कुर्ता न्यायचा? आणि तोही रफूवालीच्या लेकीचा? लोक शेण घालतील तोंडात. सगळी भिस्त याच्यावर म्हणतात, मग हा कसा दिसायला हवा!

तीन दिवस ती कामाला गेली नाही. पोरगी बाहेर असतानाच कुर्ता काढायची, तिला तो पुन्हा दिसू नये म्हणून. वंगण रॉकेलने काढलं, रक्त थंड पाण्यात भिजवून भिजवून सोड्याने काढलं. खालच्या दुमडीतून धागे ओढले आणि सातही चिरा भरल्या. असा रफू तिने उभ्या आयुष्यात केला नव्हता. आतली बाजूसुद्धा स्वच्छ. इस्त्रीवाल्याने घडी घालून दिली, हात लावायलाही भीती वाटते म्हणाला.

दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात ना. इथे तर बिचारीच्या कर्मात खोटही नव्हती.

कामगारांच्या कोर्टात त्या दिवशी पोरगी आईशेजारी बसली होती, उजवा हात ओढणीखाली. फुकट वकिलाने उभं राहून सांगितलं, की बाहीवरच्या चिरा आणि त्या चाकाचे दाते यांचं अंतर एकच आहे, वंगणही तेच आहे, साहेबांनी कपडा मागवून जुळवून बघावं. रफूवालीला तेव्हा कळलं. पण वकिलाने हात पुढे केला होता, आणि तिने घडी त्याच्या हातात ठेवली.

त्याने कुर्ता उलगडला, उजवी बाही पाहिली, मग डावी पाहिली, पुन्हा उजवी. बाही साहेबांकडे गेली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, उलटी करून पाहिली.

"कुठे फाटलंय, मावशी?"

"इथे, साहेब. इथे, आणि ही इथे. सात आहेत. मीच भरल्यात." ती एकेका जागेवर बोट ठेवत गेली. सगळे वाकून पाहत होते, आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. जन्मभर लोकांना हरवणारी बाई आज हात जोडून म्हणत होती, की अहो, सापडू द्या हो कुणाला तरी. मग तिची नजर मोठ्या वकिलांवर गेली. "तुमच्या या कोटाचं कोपर माझ्याच हातचं आहे, साहेब. माझं काम कसं असतं ते तुम्ही तरी सांगा."

मोठ्या वकिलांनी कोपर टेबलावरून उचललं. "माझं यावर काही म्हणणं नाही," ते कागदांकडे बघत म्हणाले.

उसवून दाखवते, ती म्हणाली, आणि तिने पदराला टोचलेली सुई काढलीसुद्धा. जज्जसाहेब माणूस मायाळू होता. त्याने तिला मावशी म्हणूनच समजावलं, की आता उसवलंत तरी ते तुमच्या हातचं फाटणं होईल, त्या यंत्राचं नाही. महिन्याभराने निकाल लागला: मुलगी त्या दिवशी कामावर होती, हे सिद्ध होत नाही. फुकट वकील वर अपील करता येईल म्हणाला, पण ते कोर्ट शहरात, आणि न्यायला आता उरलं होतं काय?

निकाल ऐकून पायऱ्या उतरताना पोरगी एवढंच बोलली, "मला विचारायचंस तरी, आई."

चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

पाच दिवसांनी मोठ्या वकिलांचा कारकून कोट घेऊन आला. खिशाचं तोंड फाटलं होतं. नको म्हणण्याची ऐपत असलेली माणसं वेगळी असतात. रफूवालीने कोट घेतला. पोरगी बाजूला बसून सुया ओवत होती. सुई गादीला टोचायची, दोऱ्याचं टोक ओठात ओलं करायचं आणि डाव्या हाताने नेढ्यापाशी न्यायचं. दोरा चुकायचा. पुन्हा ओलं करायचं. सकाळपासून तिच्या चार सुया झाल्या होत्या. राहू दे, आई म्हणाली. तिने पाचवी घेतली.

संध्याकाळी कारकून आला. सवयीने तिने कोट त्याच्यापुढे धरला, पण शोधा म्हणाली नाही. त्याने आपणहून शोधलं, हरला आणि हसला. तिने पुढचा कोट मांडीवर ओढला.