उकिरड्यावरची राख

पोलीस खात्यात माणूस निबर होतो म्हणतात. मीही झालो होतो. तरी दुष्काळातलं ते प्रकरण आठवलं की आजही हातातला घास हातातच राहतो.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता आणि मी नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, मिरजगावच्या बाजूला, एका ठाण्यावर फौजदार होतो. पाण्याच्या टँकरवरची मारामारी आणि खडीच्या कामावरची भांडणं हाच आमचा रोजचा धंदा होता. अशात एका बऱ्यापैकी बागायतदार घरातला तरुण आईला घेऊन फिर्याद द्यायला आला. बायको अंगावरचे सगळे दागिने घेऊन कोणाबरोबर तरी पळून गेली, असं त्याचं म्हणणं. आई पदर डोळ्यांना लावून बसली होती. आम्ही फिर्याद नोंदवली, आजूबाजूच्या ठाण्यांना कळवलं. शोध काही लागला नाही.

त्या बेपत्ता मुलीचा बाप दर बाजाराला ठाण्यावर यायचा. साधा शेतकरी, डोक्याला मळकं मुंडासं. व्हरांड्यात बसून राहायचा आणि मला पाहिलं की उठायचा.

"सायेब, माजी पोर तशी न्हाई. काय तरी येगळं झालंय."

धाकट्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली होती. पळून गेलेल्या पोरीची बहीण कोण करून घेणार? गावात त्याला पाणवठ्यावरसुद्धा टोमणे ऐकावे लागत. आणि गाव म्हणजे काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

एक दिवस बाजारपेठेतला सोनार मागच्या दाराने ठाण्यात आला. सोनार आपणहून पोलिसाच्या दारात आला, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत असतं. त्याने रुमालातून एक वस्तू काढली. मंगळसूत्राच्या दोन वाट्या होत्या त्या. एक निम्मी वितळून दुसरीला चिकटलेली, आणि वर काळ्या मण्यांची काच पाघळून बसलेली. एका झारेकरणीने ती विकायला आणली होती.

सोनाराच्या दुकानासमोरची आणि गटारातली माती धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे ते झारेकरी. त्यांच्याकडे कण असतो, फार तर एखादा मणी. अख्ख्या वाट्या कुठून येणार? आम्हाला चोरीचा वास आला आणि बाईला ठाण्यावर आणलं.

हवालदाराने कोठडी दाखवताच ती गयावया करू लागली. "चोरी न्हाई केली, सायेब. लेकराची आन. उकिरड्यावरल्या राखंत घावलं."

"उकिरड्यावर तुझं काय काम?"

"दुष्काळात सोनं घडवतंय कोन? सोनाराच्या दारात धूळबी उरली न्हाई. मग आमी मोठ्या घरांचं उकिरडं चाळतो. केरात कुनाची चमकी जाती, कुनाचा मनी. पानी न्हाई, म्हनून सुपातच पाखडायचं."

तिने गाव सांगितलं, उकिरडाही सांगितला. फिर्यादी तरुणाच्याच मळ्यातला, गुऱ्हाळाशेजारचा. राख गुऱ्हाळाच्या चुलवाणातली, असंही म्हणाली. तिथे माझं डोकं चालू लागलं. त्या साली ऊस उभा जळाला होता. रस गाळायला कांडं नाही, तिथे रस आटवायचं चुलवाण पेटवलं कोणी आणि कशाला?

मी आवाज खाली आणून विचारलं, "बाई, राखेत अजून काय होतं?"

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग हात जोडून म्हणाली, "हाडं हुती. जोडवी हुती. जोडव्यांस्नी हात न्हाई लावला, सायेब. समदं तितंच पुरलं आन् वर कुक्कू वाह्यलं. सवाष्ण हुती ती."

हवालदार बाहेर निघून गेला.

पंचांसमक्ष उकिरडा उकरला. कुंकवाचे डाग असलेल्या राखेखाली जोडवी निघाली, जबड्याचा तुकडा निघाला. घराची झडती घेतली तेव्हा धान्याच्या कणगीच्या तळाशी सुनेच्या पाटल्या, नथ आणि एकदाणी सापडली. पळालेल्या सुनेचे दागिने घरातच!

मुलगा लगेच कोसळला. आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मोडायला सून तिच्या पाटल्या परत मागत होती. त्यावरून भांडण झालं आणि त्याने तिच्या डोक्यात मुसळ घातलं. पुढचं सगळं आईने उरकलं. चुना भाजायचाय असं शेजाऱ्यांना सांगून चुलवाण पेटवलं होतं. मला एक गोष्ट उमगत नव्हती. पाटल्या काढल्या, नथ काढली, मग मंगळसूत्र आणि जोडवी तेवढी अंगावर का ठेवली? मी म्हातारीलाच विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडा.

"सवाष्णीच्या गळ्यातलं काडू कसं? माजा ल्योक जित्ता हाय न्हवं!"

खून, चोरी, दरोडा, सगळं पाहिलं होतं. पण हे उत्तर ऐकून मी सुन्न झालो. सून जाळताना तिचा हात अडला नाही. अडला तो मंगळसूत्र काढताना. तेवढं तिने काढून घेतलं असतं, तर राखेकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

वाट्या ओळखायला बापाला बोलावलं. त्याला कसं सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. त्याने न वितळलेली वाटी उलटी करून पाहिली. माहेरची वाटी, त्यानेच घडवून घेतलेली.

"म्हंजी ती पळाली न्हाई?"

"नाही."

"मेली?"

"हो."

त्याने डोळे मिटले. आणि खरं सांगतो, त्याच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. म्हातारीच्या उत्तराने बसला नव्हता एवढा धक्का मला त्या समाधानाने बसला. थोड्या वेळाने तो रडला, पण आधी त्याने माझे पाय धरले. "लई उपकार झालं, सायेब. येवडं आमच्या गावात दवंडी पिटून सांगा."

मुलाला जन्मठेप झाली आणि पुरावा जाळल्याबद्दल आईला सात वर्षांची सजा. सुनेला जाळणारे हात कायद्याच्या कक्षेत येतात. बापाला लेकीच्या मरणाची बातमी गोड वाटावी, इथवर त्याला आणणाऱ्या जिभांना कुठलंच कलम लागत नाही. हे मी त्या प्रकरणात शिकलो, आणि पुढे बेपत्ता बाईची फिर्याद आली की 'पळाली' हा शब्द माझ्या ठाण्यात कोणाला उच्चारू दिला नाही.

पाटलाला सांगून दवंडी मात्र दिली. बाप दवंडीवाल्याच्या मागून साऱ्या गल्ल्या फिरला. ज्या दारातून कोणी बाहेर आलं नाही, तिथे थांबून तो म्हणायचा, "हितं परत एकदा."