फुवांना बांधावर बसायचे होते

लोकांनी आपल्याला मान द्यावा म्हणून धडपडणारी माणसे पैशाला पासरी मिळतात. पण लोकांनी आपल्याला मान देऊ नये म्हणून जिवाचे रान केलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या फुईचे यजमान. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. नंदुरबारला या फुवांचा कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होता, तापीकाठी डोळे निवतील अशी शेती होती, आणि या दोन्हींपेक्षा त्यांना प्रिय असलेली त्यांची स्वतःची फुटबॉलची टीम होती. जिन वडिलांचा होता, शेती आजोबांची होती. टीम तेवढी त्यांच्या स्वतःच्या वेडाची कमाई. मी तेव्हा तिथल्या इंग्रजी शाळेत मास्तर होतो आणि फुईच्याच घरी राहत होतो. त्यामुळे जिन, शेती आणि टीम या तिन्हींच्या भानगडी मला रोज ताटावरच वाढल्या जात.

टीम जन्माला आली ती अशी. जिनाच्या छपरासाठी सागाचे लाकूड बघायला म्हणून फुवा नवापूरला गेले, आणि परत आले ते लाकूड विसरून, दानियलला घेऊन. दानियल हा तिकडच्या डोंगरातला, मिशनच्या शाळेत शिकलेला तरणाबांड गडी. घरी तो तिकडच्या डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोले, जिनावर अहिराणी बोले, आणि पायाशी चेंडू आला की कुणाशीच बोलत नसे. त्याला अनवाणी पळताना पाहून फुवांचे देहभान हरपले होते. त्यांनी त्याला जिनाच्या वखारीत काम दिले, त्याच्या पाठोपाठ त्याचे गावकरी आले, मग जिनातला फिटर, स्टेशनावरचा पॉइंट्समन असे करत अकरा डोकी जमली. चेंडू सुरतेहून येई. तो उसवला की गावातला चांभार मोट शिवायच्या टाक्याने तो शिवून देई, त्यामुळे आमचा चेंडू एका अंगाने जरा जड असे. पाहुण्या टीमला याचा पत्ता लागेपर्यंत निम्मा खेळ आटोपलेला असे.

फुवांनी स्वतः जन्मात कधी चेंडूला पाय लावला नाही. खरे सांगायचे तर त्यांचा जीव खेळापेक्षाही जास्त अडकला होता तो बांधात. मैदानाच्या एका कडेला शेताचा उंच बांध होता. हमाल, गाडीवान, बाजाराला आलेली खेड्यापाड्यांतली माणसे त्या बांधावर दाटीवाटीने बसत, शेंगा फोडत, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत आणि आपल्याच टीमला अशा काही शिव्या देत की समोरच्या टीमला लाज वाटावी. फुवांची जागा मैदानाच्या पलीकडच्या कडेला. तिथे खुर्ची, खुर्चीवर छत्री आणि शेजारी जांभया देणारा एखादा सरकारी अंमलदार. फुवा खेळ बघत आहेत असे लांबून वाटे, पण ते बघत असत समोरचा बांध. हलवायाच्या दुकानापुढे उपाशी माणूस उभा राहावा तसे ते दिसत. एकदा जेवताना घास हातातच ठेवून मला म्हणाले, "मास्तर, मले तठे त्यासना संगे बठनं शे. बस, दुसरं काई नको."

"मग बसा की. बांध काही कुणी विकत घेतलेला नाही," मी म्हणालो.

"मी गऊ का त्या उठी जातस ना!" फुवा म्हणाले, आणि त्यांनी घास परत ताटात ठेवला.

ते खोटे नव्हते. जिनाचा मालक आला की उठून उभे राहायचे, आणि तो बसल्याशिवाय आपण बसायचे नाही, ही आमच्याकडची रीत. फुवा पहिल्यांदा खुर्ची सोडून बांधाकडे गेले तेव्हा अख्खा बांध एका दमात उभा राहिला. फुवा म्हणाले, "बसा, बसा!" बांध म्हणाला, "आधी तुम्ही बठा शेटजी, तुम्ही उभा शेतस तं आम्ही कसा बठसूत?" आता फुवांचाही हट्ट होता, की आधी मी बसलो तर मी मालकच ठरलो, म्हणून मी शेवटी बसणार. अशा रीतीने दोन्ही बाजू हात जोडून एकमेकांपुढे उभ्या राहिल्या आणि मैदानात काय चालले आहे ते फक्त खेळणाऱ्यांनाच माहीत राहिले. शेवटी फुवाच हरले आणि खुर्चीकडे परत गेले. त्यांची पाठ वळताच बांध खाली बसला.

पण फुवा हार खाणाऱ्यांतले नव्हते. आपण लोकांसारखे ओरडत नाही म्हणून लोक आपल्याला परके समजतात, असा शोध त्यांनी लावला. अडचण अशी होती की घरात अस्सल अहिराणी बोलणारे फुवा चार माणसांत गेले की धुळ्याला शिकलेले पुस्तकी मराठी बोलू लागत. सगळा बांध "मार ना रे दानियल, काय देखी ऱ्हायना!" म्हणून बोंबलत असताना फुवांच्या तोंडून निघे, "दानियल, आपण चेंडू पुढे न्यावा!" हे सुधारण्यासाठी त्यांनी गुपचूप सराव करायचे ठरवले, आणि सरावासाठी जागा निवडली ती जिनाच्या मागची, कापसाच्या गाठींच्या आडोशाची. आता, जिनात कुणी गळा फाडून ओरडला तर त्याचा अर्थ एकच होतो. फुवांनी "मार! मार ना रे!" अशी पहिली आरोळी ठोकली मात्र, आणि आग लागली म्हणून चहूकडून माणसे बादल्या घेऊन धावली. ओरडणाराच पेटला आहे अशा समजुतीने पहिल्या चार बादल्या त्यांनी फुवांवरच ओतल्या. फुवा ओलेत्याने घरी आले आणि फुईला म्हणाले, "माणसे मोठी तत्पर आहेत." इतके भिजून घरी आल्यावरही चारचौघांतली पुस्तकी भाषा सुटली नव्हती, याचेच मला जास्त नवल वाटले.

पुढचा प्रकार पगडीचा. गोल झाला की बांधावरची माणसे टोप्या हवेत उडवत. फुवांची पगडी पडली पिढीजात, बांधीव आणि वजनदार. ती उडवली असती तर खाली कुणाचे तरी डोके फुटले असते. तेव्हा एका रविवारी फुवांनी पगडी खुंटीला ठेवली आणि बोडक्या डोक्याने मैदान गाठले. आमच्याकडे घरंदाज माणूस बोडक्याने केव्हा बाहेर पडतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, फक्त फुवांना त्या दिवशी आठवले नाही. बांधावर शेंगा फोडणे थांबले, आरडाओरडा थांबला. दानियलने गोल मारला तरी कुणी हूं की चूं केले नाही. तिकडे घरी गल्लीतल्या बायका पदर डोळ्याला लावून दारात येऊन बसल्या आणि त्यांनी सूर धरला. फुई तेव्हा चुलीपुढे मांडे करत होती. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "बाई वं, कोन मरी गयं?" त्यावर बायका म्हणाल्या, "तेच तं आम्ही इचारी ऱ्हायनूत!" संध्याकाळी फुवा आले तेव्हा फुई खुंटीपाशीच उभी होती. तिने पगडी काढून त्यांच्या डोक्यावर दोन्ही हातांनी दाबून बसवली.

मग त्यांनी खाऊ घालून माणसे जोडायचे ठरवले. शहाद्याच्या टीमशी सामना होता, तेव्हा फुवांनी टोपले भरून बुंदी नेली. त्यांच्या मनात होते की सगळ्यांबरोबर मूठ मूठ घ्यावी आणि चालता चालता तोंडात टाकावी. पण शेटजी स्वतः वाढणार म्हटल्यावर बांधावरच्या लोकांनी रीतसर पंगत धरली. समोरासमोर दोन रांगा बसल्या, त्यांतल्या एका रांगेची पाठ साहजिकच खेळाकडे झाली, आणि दुसरीचे डोळे बुंदीच्या टोपल्यावर. बसले म्हणजे तरी एकदाचे बसले, अशा आनंदात फुवा आग्रह करकरून वाढत राहिले. तेवढ्या वेळात आमच्या टीमने गोल केला आणि तो गोल आमच्या एकाही माणसाने पाहिला नाही. दानियल कमरेवर हात ठेवून पंगतीकडे बघत उभा होता. त्याच्या वाट्याची बुंदी तेवढी फुवांनी आठवणीने बाजूला काढून ठेवली होती.

इतके झाल्यावर मात्र फुवा खचले. आम्ही हसत होतो, पण त्यांच्या मनाला ते लागले होते हे मला दिसत होते. त्यांनी खुर्ची मोडीत काढली, बांधाचाही नाद सोडला, आणि बांधाच्या टोकाला एक निंबाचे झाड होते त्याच्या आड ते उभे राहू लागले. तिथून ते कुणाला दिसत नसत, म्हणून कुणाला उठावेही लागत नसे. शेजारी मी उभा असे. बांधावर हशा पिकला की ते मला विचारत, "काय म्हनना व झिपरू?" हा झिपरू प्रकाशा गावाहून कापसाची गाडी घेऊन येणारा गाडीवान, बांधावरचा सगळ्यात मोठा तोंडाळ. त्याने काय म्हटले ते चारचौघांत सांगण्याजोगे क्वचितच असे. मी ते फुवांच्या कानात सांगे आणि ते झाडाआड एकटेच खुदखुदत.

आणि मग धुळ्याच्या टीमचा तो सामना आला. खेळ संपत आला होता, आम्ही एका गोलने मागे होतो, आणि दानियल चेंडू घेऊन निघाला. एकाला चुकवले, दुसऱ्याला चुकवले, तसे फुवा झाडाआडून बाहेर आले. दानियल जसजसा पुढे तसतसे फुवा कडेने पुढे, धोतराचा सोगा हातात, पगडी तिरपी. पळता पळता ते थेट बांधाच्या मधोमध आले आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. बांधावर कुणी उठले नाही. कुणाची नजरच त्यांच्यावर नव्हती. तेवढ्यात झिपरूचा आवाज कडाडला, "ओ पगडी! खाले बठ ना! गोल काय तुन्हा एकलाले देखना शे का?" आणि बोलता बोलता त्याने पुढच्या माणसाचा सोगा धरून त्याला खसकन खाली ओढले.

फुवा बसले. झिपरू आणि एक हमाल यांच्या मधोमध, धुळीत, मांडी घालून. कोणाला खाली ओढले ते झिपरूच्या ध्यानात आले तेव्हा तो धडपडत उठू लागला. फुवांनी त्याचा दंड घट्ट धरून ठेवला आणि ते म्हणाले, "चुकी गयं भो. तू बठ. मन्हामुये तुले दिखनं नही." चारचौघांत त्यांच्या तोंडून निघालेली ती पहिली अहिराणी. दानियलचा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि आम्ही सामना हरलो. घरी फुईने विचारले, "जितनात का?" तर फुवा म्हणाले, "नही. पन झिपरूनी मले खाले बठाडी दिधं!" त्या रात्री ते दोन मांडे जास्त जेवले. पुढे फुवा बांधावर बसू लागले, पण लोकांची उठायची खोड काही मोडली नाही. दर वेळी त्यांना बघून बांध अर्धा उठे, झिपरू दोन्ही हातांनी शेजाऱ्यांना खाली दाबे, आणि फुवा घाईघाईने मध्ये घुसून बसत.

काही वर्षांनी फुवा गेले. सुगीचे दिवस होते, जिन बंद ठेवला होता. तिरडीला खांदा द्यायला दानियल होता, झिपरू होता. स्मशानाची वाट मैदानावरून जाते. वाटेत एकदा तिरडी खाली ठेवून विसावा देतात. तो कुठे द्यायचा हे कुणी ठरवले नव्हते, पण मैदान आले तसे दानियलचे पाय बांधाकडे वळले आणि त्यांनी फुवांना बांधावर टेकवले. सगळा गाव भोवती हात जोडून उभा राहिला. मी रडत होतो, मला काही सुचत नव्हते. झिपरूने डोळे पुसले, लोकांकडे एकवार बघितले आणि तो म्हणाला, "बठा रे समदा. उभं ऱ्हायेल त्यासले आवडे नही."

विसाव्याला कुणी बसत नाही. लोक घुटमळले. मग आधी दानियल बसला, मग हमाल बसले, गाडीवान बसले, मीही बसलो. समोर मोकळे मैदान होते. मधोमध फुवा होते, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना सगळा बांध बसला होता. बराच वेळ कुणी उठले नाही.