यादवभाऊंची पडताळणी

आमच्या जळगावच्या शाळेची बस यादव सपकाळे चालवीत. मूळचे धरणगावकडचे, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटक. बस सुरू करण्यापूर्वी ते चारही बाजूंनी फिरून चाकांखाली वाकून बघत. घरचं कोणी न्यायला आलं नसेल, तर मुलाला उतरू देत नसत. कोणाचे आजोबा आले, तरी "यांना ओळखतोस ना?" असं मुलालाच विचारत. शाळेच्या कार्यालयाचा कारभार माझ्याकडे असल्याने रागावलेले आजोबाही माझ्याकडेच येत.

यंदा संस्थेने सर्व चालकांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेतली. यादवभाऊंच्या अहवालात अटकेची नोंद निघाली. दंगा आणि सरकारी कामात अडथळा. पुढे काय झालं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मला त्यांच्या सवयी वेगळ्या दिसू लागल्या. परक्या माणसाला हे एवढं का तपासतात? तसली माणसं जवळून पाहिली असतील म्हणूनच ना? एका दुपारी ते बसच्या मागच्या बाकाशी एकटेच वाकलेले दिसले. मी आवाज न करता वर चढलो. कोणा मुलाने केलेली उलटी ते पुसत होते.

बसवर मदतनीस असलेल्या पुष्पाबाईंना मी बाजूला घेऊन विचारलं, "यादवभाऊंचं काही वावगं दिसतं का?"

"दिसतं ना. माझ्या डब्यातलं भरीत रोज अर्धं होतं. लावा काय कलम लावायचं ते!"

मला हसू आलं नाही. मी यादवभाऊंनाच बोलावलं.

"अटक झाली होती तुम्हाला?"

"हो."

"कधी बोलला नाहीत."

"कोर्टानं सोडलं, भाऊसाहेब. मला वाटलं, संपलं."

त्यांच्या गावच्या जयंती मंडळाची एक रीत होती. मिरवणुकीच्या दिवशी पोलिसांशी बोलायला न पिणारा माणूस पुढे करायचा. तो मान बरीच वर्षं यादवभाऊंचा होता. एका वर्षी चौकात कर्ण्यांच्या आवाजावरून पोलिसांशी रेटारेटी झाली, दगड पडले आणि पोलिसांनी मंडळाचा ट्रॅक्टर ठाण्यात नेला. तो सोडवून आणायला नेहमीप्रमाणे हेच गेले. ठाण्याला आरोपी हवे होते, आणि समोर हे उभे होते.

"बाकीचे कुठे होते?"

"बठ्ठा पळी ग्यात," ते म्हणाले आणि लगेच सावरले. "पळाले सगळे. मी तर बोलायला गेलेला माणूस. मी कसा पळू?"

गोष्ट पटण्यासारखी होती. जरा जास्तच पटण्यासारखी होती. अशा गोष्टी लोक जुळवून ठेवतात, असं मला वाटलं.

पोलिसांकडची हीच नोंद परिवहन कार्यालयातही पोचली होती. प्रवासी वाहन चालवायच्या त्यांच्या बिल्ल्याचं नूतनीकरण तिथे अडलं. रजा काढून ते कोर्टातून निकालाची नक्कल घेऊन आले, ती दाखवली आणि बिल्ला मिळाला. इतक्या लवकर कसा मिळाला? कोणाला गाठलं असेल? मी नक्कल एका वकिलांना दाखवली.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "पुराव्याअभावी निर्दोष."

म्हणजे पुरावा मिळाला नाही, एवढंच. बाकीचं कोण सांगणार?

संस्थेचे सचिव लीलाधरभाऊ म्हणाले, "माणूस चांगला आहे हो. पण उद्या पालकांना कळलं तर? बसवरून काढा आणि फाटकावर बसवा. पगार तोच ठेवा."

मी हा निरोप यादवभाऊंना पोचवला.

"बसभर पोरं माझ्या हाती नकोत," ते म्हणाले, "आणि सगळ्या शाळेचं फाटक चालेल?"

"तिथे सगळ्यांच्या नजरेसमोर असाल."

"असं होय." त्यांनी बसच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "मग मी राखणदार नाही, भाऊसाहेब. राखण माझीच आहे."

रावेरला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे ते ट्रक चालवायचं काम बघताहेत, असं पुष्पाबाईंकडून कळलं. काही दिवसांनी त्या व्यापाऱ्याचा मला फोन आला.

"सपकाळे तुमच्याकडे होते ना? गाडीला हात कसा आहे?"

"उत्तम."

"पितात का?"

"थेंबही नाही."

"मुलांशी, बायकांशी वागणं?"

"तक्रार नाही."

"मग का सोडलं त्यांना?"

निर्दोष सुटल्याचं सांगायचं, तर आधी अटक सांगावी लागणार होती. शिवाय आत कुठेतरी मला अजून खात्री नव्हती. मी शब्द शोधत राहिलो.

"समजलो, साहेब," पलीकडून आवाज आला. "बरं झालं विचारलं ते."

त्यांनी फोन ठेवला.