वाशिमकडून उचला!

"वाशिमकडून उचला! अबे वाशिमकडून! रिसोडवाले, दाबून धरा! सोडू नका, माह्या पायावर येते!"

हे ओरडणारा मी. दाबून धरणारे गल्लीतले सोळा जण. आणि अंगणात पाय वर करून पडलेल्या म्हशीसारखा तो साडेअकरा फुटी लोखंडी सांगाडा म्हणजे माझी ट्रॉली. घरच्या घरी ट्रॉली बनवणं अगदी सोपं काम आहे. फक्त मधे एकदा ती पलटवावी लागते.

म्हणजे असं, की सांगाडा आधी उलटाच बनवतात. पोट आभाळाकडं. त्यावर एक्सल आणि स्प्रिंगचे पाटे उभ्या उभ्या, कंबर न वाकवता जोडून घ्यायचे. मग सगळं सुलटं करायचं, चाकं चढवायची आणि वरून पत्रा मारायचा. ही विद्या मला कोणी शिकवलेली नाही. (मोबाईलवर एका पंजाबी माणसानं शिकवली, पण त्याचं एक अक्षरही मला कळलं नाही, म्हणून त्याला मी गुरू धरत नाही.)

आता वाशिमकडून म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या रिठदला डावं-उजवं नसतं. वाशिम-रिसोड रस्ता आमच्या गावाला लागून जातो, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूला दोनच बाजू असतात. चूल वाशिमकडं, माठ रिसोडकडं. माझी आई एकदा दाताच्या डॉक्टरकडं गेली होती. डॉक्टर नवा, नागपूरचा.

"कोणती दाढ दुखते, आजी?"

"रिसोडकडची."

त्यानं मान डोलावली आणि उजेड नीट पडावा म्हणून खुर्ची गर्रकन फिरवली. आईनं तोंड मिटून घेतलं. "आता ते वाशिमकडं गेली ना बावा!"

तर अशा गावात मी ट्रॉली बनवायला घेतली. अडतीस वर्षांपूर्वी मी आयटीआयतून वेल्डर म्हणून पास झालो आणि दुसऱ्याच महिन्यात एका कॉलेजात शिपाई म्हणून चिकटलो. त्यामुळे माझ्या हातातली कला अडतीस वर्षं अजिबात झिजली नव्हती! निवृत्त झालो तेव्हा ती जशीच्या तशी, कोरी करकरीत शिल्लक होती.

पण खरं कारण कला नव्हे. खरं कारण देवराव.

देवराव म्हणजे माझ्या बायकोचा, कांताचा, थोरला भाऊ. राहणार मेडशी. वजन एकशेदहा किलो, आणि ते सगळं प्रेमाचं. आमच्याकडं ट्रॅक्टर आहे (जुना आहे, पण उतारावर फार चांगला चालतो), ट्रॉली मात्र नव्हती. म्हणून दर साली सोयाबीन निघालं की देवराव आपला ट्रॅक्टर, आपली ट्रॉली घेऊन मेडशीहून निघायचा. इतक्या लांबून ट्रॉली घेऊन शहाणा माणूस येत नाही. देवराव यायचा, कारण वाटेत थांबता यायचं. मालेगावात चहा, वाशिमात चहा, आणि प्रत्येक टपरीवर एकच बोलणं: "बहिणीचं सोयाबीन घरी नेऊन द्याले चाललो. तिच्याकडं ट्रॉली नाई ना, काय करता!"

हे सगळं कांताच्या कानावर यायचं. ट्रॉलीच्या आधी यायचं.

"औंदा दादाले फोन लावाचा नाई," ती एक दिवस म्हणाली. "डोक्यावर सोयाबीनचा एक-एक कट्टा आणीन, पण दादाची ट्रॉली दारात नोको."

"अवं, कायले डोक्यावर आणतं?" मी छाती फुगवली. "मी बनवतो ना ट्रॉली! दादाच्या दोन ट्रॉल्या आत बसतीन अशी! हेवी ड्युटी!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षं ती अशीच पाहते. पण त्या दिवशी त्या नजरेत जराशी आशा होती, आणि तिथंच मी फसलो.

दोन महिने अंगण माझ्या ताब्यात होतं. कपड्यांची तार मी अर्थिंगला घेतली, कपडे माळ्यावर गेले. मी रॉड टेकवला की अख्ख्या गल्लीचे दिवे पिवळे पडायचे आणि शेजारचे नामाजी काका भिंतीपलीकडून ओरडायचे, "वसंता, मालिकेतली सासू आता कुठी बोलू लागली होती बे!" काच न लावता वेल्डिंग केल्यानं माझे डोळे असे चुरचुरले, की दोन दिवस डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलो. तिसऱ्या दिवशी कांतानं विचारलं, "आज डोळ्याले देऊ का भाजीले?"

पण काम मापानं! ट्रॉलीचं एक्सल मधोमध नसतं, जरासं मागं असतं. तेवढं मला ठाऊक होतं. फाटक वाशिमकडं, म्हणजे ट्रॉलीचं तोंड वाशिमकडं, म्हणजे मागचं टोक रिसोडकडं. रिसोडच्या टोकापासून साडेचार फूट मोजले, खडूनं खूण केली, पाटे जोडले. जोड असा पक्का, की हत्ती लटकला तरी सुटू नये.

मग उजाडला पलटवायचा दिवस. आडवा पलटवायला जागा नव्हती. एका अंगाला आमची भिंत, दुसऱ्या अंगाला नामाजी काकांची. म्हणून ठरलं, लांबीतून पलटवायचा. वाशिमचं टोक उचलायचं, उभं करायचं आणि पलीकडं रिसोडकडं सोडायचं.

सांगाडा उभा राहिला. थेट, आभाळाकडं तोंड करून. सोळा जण त्याला बिलगून उभे, आणि पुढं काय करायचं हे एकालाही माहीत नाही.

नामाजी काका भिंतीवरून पाहत होते. "वसंता, उभीच ठेवतं का? राहू दे. पोळ्याचं तोरण बांधाले कामी येईन."

"काका, हसवू नका! हात सुटतीन!"

हात सुटले. धाडकन् असा आवाज झाला, की गल्लीतल्या कोंबड्या दोन दिवस अंड्यावर बसल्या नाहीत. धुरळा खाली बसला तसा घरातून कांताचा आवाज आला, "काय पडलं जी?"

"काई नाई! सुलटी झाली!"

टाळ्या वाजल्या. चहा झाला. आणि मी खुशीत पुढचं काम सुरू केलं. दांडी जोडली वाशिमकडं, मागचा उघडणारा फाळका बसवला रिसोडकडं. सगळं ठरल्याप्रमाणे. शेवटी निळा रंग मारला आणि मागच्या फाळक्यावर माझ्या हातानं पांढऱ्या अक्षरात, दोन ओळींत लिहिलं: 'हेवी ड्युटी'.

"चाकं जराशे पुढं आल्यासारखे दिसून राह्यले," नामाजी काका म्हणाले.

"काका, तुमच्या काळात चाकं मागं राहत होते. आता सगळंच पुढं गेलं."

आणि खरा चमत्कार तर पुढंच होता! कोणत्याही ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरला अडकवायची तर दोन माणसं कण्हतात. माझ्या ट्रॉलीची दांडी एका हातानं उचलायची! काय एका हातानं, दोन बोटांनी! गावात बातमी पसरली. लोक यायचे, दांडी उचलून पाहायचे, 'वा' म्हणायचे. मी प्रत्येकाला सांगायचो, "बॅलन्स! बॅलन्स पायजे माणसाले!" कांता दारात उभी राहून हे पाहायची आणि बायकांना म्हणायची, "यायनंच केली, घरीच." तीस वर्षांत माझ्याबद्दल ती एवढं लांब वाक्य प्रथमच बोलत होती.

सोयाबीन निघालं. मळणी झाली, पन्नास कट्टे शेतात ताडपत्रीखाली रचले, आणि त्याच सकाळी रिसोडकडून आभाळ काळं झालं. संध्याकाळच्या आत माल घरी आणणं भाग होतं. आणि त्याच सकाळी एसटीतून, न बोलावता, देवराव उतरला.

"ऐकलं, ट्रॉली केली म्हणे जवाईबुवानं! म्हटलं, पाहून तरी येतो."

मी दांडी दोन बोटांनी उचलून दाखवली.

देवरावनं भुवया चढवल्या. "हलकी काहून हाये?"

"बॅलन्स."

"जवाईबुवा, मी वीस साल झाले ट्रॉली चालवून राह्यलो. दांडी जड पायजे."

"दादा, ते जुन्या पद्धतीची," कांता मधेच म्हणाली. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

शेतात भरायला सुरुवात झाली. पुढचे कट्टे आधी, मग मधले, मग मागचे. मागचे चढू लागले तशी ट्रॉली जराशी करकरली. मी म्हणालो, नवी आहे, बोलते. पन्नासावा कट्टा चढला. मी ट्रॅक्टरवर बसलो, गिअर टाकला आणि शेतातून रस्त्यावर यायचा तो छोटा चढ घेतला.

आणि मी वर जायला लागलो.

आधी वाटलं, ट्रॅक्टर चढ चढतोय. मग लक्षात आलं, की चढतोय फक्त मी! पुढचं बोनेट होतं तिथंच होतं, माझी सीट मात्र आभाळाकडं निघाली होती. मागं पाहिलं तर ट्रॉलीचं बूड मातीत टेकलेलं, दांडी वर उठलेली, आणि दांडीला लटकून ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाकं हवेत! जमिनीपासून वीतभर. (गावात सांगताना मी हातभर सांगतो.) फाळक्यावरचं 'हेवी' मातीच्या वर दिसत होतं, 'ड्युटी' आत गेली होती.

घाबरून मी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं पंख्यासारखी फिरली. देवरावच्या पांढऱ्या सदऱ्याला चांगला वारा लागला.

"बंद करा! अजी, बंद करा!" कांता.

"बंद करा जवाईबुवा! उडता काय आता?" देवराव.

बंद केलं. तरी मी वरच. शेवटी चार जणांनी दांडीला लोंबकळून मला जमिनीवर आणलं.

देवराव सगळ्या ट्रॉलीभोवती एक चक्कर मारून आला. "चाकं पुढं हायेत. एक्सल कुठून मोजला?"

"रिसोडकडून. साडेचार फूट."

"मोजलं तवा सांगाडा उलटा होता?"

"हो ना."

"मग पलटवला कसा? आडवा का लांबीतून?"

माझ्या डोळ्यांपुढं तो सांगाडा उभा राहिला, आणि वाशिमचं टोक सावकाश, सगळ्या गल्लीदेखत, रिसोडला जाऊन पडलं.

कोणी हसलं नाही. म्हणजे ताबडतोब हसलं नाही. रिसोडकडं वीज चमकली. देवरावनं घसा साफ केला, खिशातून मोबाईल काढला आणि एकदम प्रेमळ आवाजात म्हणाला, "काई हरकत नाई कांते. मेडशीले फोन लावतो. माही ट्रॉली येते..."

"तवरी पाणी येईन," कांता म्हणाली. तिनं पदर खोचला. तिचा चेहरा असा झाला होता, की ट्रॉली नको, मलाच मातीत गाडून घ्यावंसं वाटलं. ती फाळक्यावर चढली. "मागचे कट्टे काढा. पुढं रचा, वरतं. हं, चला!"

सगळे भिडले. मागचे बारा कट्टे उचलून पुढं ढीग केला. दांडी खाली आली. मी हळूच चढावर घेतलं. सीट पुन्हा वर निघाली, पण आता चार बोटंच.

"थोडंसंच कमी पडून राह्यलं," मी म्हणालो. "आणखी दोन कट्टे असते तर..."

कट्टे संपले होते. आभाळ गडगडलं. कांतानं इकडंतिकडं पाहिलं. मग तिची नजर आपल्या भावावर येऊन थांबली, आणि तिथंच राहिली. मग माझी. मग सगळ्यांचीच.

"काय पाह्यता?" देवराव एक पाऊल मागं सरकला.

"दादा," कांता म्हणाली, "पुढच्या ढिगावर बस."

"मी? अवं, मी पाव्हणा हाये!"

"बस."

तीन जणांनी ढकलून देवरावला चढवलं. तो वर बसला आणि काय सांगू, ट्रॉली अशी सरळ झाली, की सुताराचा गुनिया लावून पाहावा! ट्रॅक्टरची चाकं मातीवर घट्ट टेकली, चढ एका दमात पार! आमची मिरवणूक गावाकडं निघाली. ट्रॅक्टरवर मी, कट्ट्यांच्या डोंगरावर मेडशीचे देवराव, आणि बाजूनं कांता चालते आहे, सूचना देत.

"दादा, हालू नको!"

"अवं, कंबर अवघडली..."

"चढ आला, पुढं वाक! आणखी वाक! हं, आता सरळ!"

जन्मात पहिल्यांदा ती भावाला हुकूम सोडत होती, आणि तो ऐकत होता. जरासा मागं रेलला की माझी सीट उठायची, मी ओरडायचो, तो दचकून पुढं व्हायचा.

स्टँडजवळ टपरीवरची माणसं उभी राहिली. "देवरावभाऊ, वरतं काहून बसले?"

देवरावनं दूर क्षितिजाकडं पाहिलं. "हवा पाहून राह्यलो."

शेवटचा कट्टा घरात गेला आणि पाण्याचा पहिला थेंब पत्र्यावर वाजला. एक दाणा भिजला नाही. देवराव ओट्यावर बसून कंबर चोळत होता, मी शेजारी बसून जमिनीकडं पाहत होतो. कांतानं चहा दिला. देवरावनं बशीत फुंकर मारली.

"जोड पक्के हायेत जवाईबुवा, ते मानलं. पाटे कापून मागं घेतले का झालं." मग चहाचा घोट घेऊन कांताकडं वळला. "पण तुमी कवा कापता, कवा जोडता! तुरीच्या वक्ताले माही ट्रॉली पाठवू का?"

"ट्रॉली राहू दे, दादा," कांता म्हणाली. "तू एकटाच ये."