दारातून परत गेलेला डबा

छातीतली गाठ कॅन्सरची निघाली आणि माझ्या ताटात काय पडावं हे घरातले सगळे ठरवायला लागले. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटी तपासायचे. शिफ्टला जाताना डब्यात काय नेते, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. आता माझ्या आजाराचं कारण सगळ्यांना त्याच डब्यात सापडलं.

केमो सुरू झाल्यावर धाकटी नणंद तळेगावहून मदतीला आली. घरकाम तिनंच ओढलं, हे मान्य. पण आल्या आल्या तिनं फ्रिजमधली अंडी शेजाऱ्यांना वाटून टाकली. दूध बंद, मटण-मासळी बंद. सकाळी गव्हांकुराचा रस, मग कारल्याचा, जेवायला उकडलेला दुधी.

"डब्यातलं अबरचबर खाऊनच झालंय हे, वहिनी. आता तरी जिभेला आवर घाल."

केमोनं तोंड आतून सोललं होतं. रस उतरताना आग व्हायची. नवरा म्हणायचा, "ती तुझ्या भल्याचंच सांगतेय ना." आणि स्वतः कंपनीतून येताना भुर्जीपाव खाऊन यायचा. शर्टाला वास असायचा.

खालच्या मजल्यावर एक भाभी राहतात, त्यांच्या नवऱ्याचं गॅरेज आहे. मला जिन्यात धापा टाकताना बघून त्या दुसऱ्या दिवशी डब्यात मटणाचं सूप घेऊन आल्या. मी आत पडले होते. मिऱ्याचा वास आला आणि कित्येक दिवसांनी भूक लागली. तेवढ्यात नणंदेचा आवाज: "तिला नाही चालत असलं. परत न्या. पुन्हा आणू नका." मी उठून दारापर्यंत पोचले तोवर दार लागलेलं होतं.

पुढच्या केमोला डॉक्टरांनी वजन बघितलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला. "काय खाता?" नवऱ्यानं कौतुकानं सगळं सांगितलं.

"आज केमो देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "अंगात ताकदच नाही त्यांच्या. अंडी, डाळ, दूध, नीट शिजवलेलं मटण, जे जाईल ते द्या. कच्चे रस आजपासून बंद."

घरी नणंद रसाचा ग्लास घेऊन उभी होती. मी तो तिच्यासमोर बेसिनमध्ये ओतला.

"छाती कापायची का, हे डॉक्टर ठरवणार. तोंड अजून माझं आहे."

ती रडायला लागली. मी समजूत घातली नाही. खाली गेले, बेल वाजवली. भाभींचा चेहरा कडक होता.

"त्या दिवशी मला फार लागलं," त्या म्हणाल्या.

"मलाही. भूक लागलीय, भाभी."

त्या बाजूला झाल्या. मटण नव्हतं, त्यांनी अंडी फोडली, तिखट न घालता. मिठानं तोंड झोंबत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी खात होते.

थोड्या दिवसांनी केमो पुन्हा सुरू झाली. मग ऑपरेशन झालं, मी कामावर परतले. नणंदेशी बोलणं आहे, पण तो राग गेलेला नाही. परवा सोसायटीच्या गेटवर एका बाईनं थांबवलं. तिच्या सुनेलाही तोच आजार निघालाय.

"तू काय काय सोडलं होतंस गं?" तिनं विचारलं.

माझा आवाज चढला. वॉचमननंही वळून बघितलं.

"मला कशाला विचारता? घरी जा आणि तिला विचारा, काय खावंसं वाटतंय ते."