पाण्याखालचं गाव आणि जावाचा क्लास

मंडळी, कळंबच्या सायबर कॅफेत बसलोय, पण मन अजून क्लासातच आहे.

आज मंचरला संगणकाची जावा भाषा शिकवताना मी म्हणालो, "ज्या ऑब्जेक्टला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, प्रोग्रॅममध्ये कुणीच धरून ठेवलेलं नाही, ते संगणकाच्या मेमरीतून आपोआप पुसलं जातं."

खिडकीशी बसलेल्या सुमननं विचारलं, "सर, एकानं जरी धरलं आसंल तर?"

"मग राहतं."

"मग आमचं गाव हाय अजून." तिचं गाव डिंभे धरणात बुडालंय. "आई रोज पाण्याकडं तोंड करून दिवा लावती. म्हणती, आपलं दार तिथं व्हतं."

पुढचा प्रोग्रॅम फळ्यावर लिहायचा राहूनच गेला.

येताना घोड नदीच्या पुलावर थांबलो. त्याच धरणाचं पाणी, कुणाच्या तरी उंबऱ्यावरून आलेलं, संथ चाललं होतं.

तुमच्यापैकी कुणी डिंभ्यातलं असं एखादं गाव बुडायच्या आधी पाहिलंय का? कसं होतं, सांगा. मलाही थोडं धरून ठेवायचंय.