खिडकीतलं वाचन

वाशिमच्या वाचनालयाचे ते चिटणीस. रोज संध्याकाळी खिडकीशी बसून खणखणीत आवाजात वर्तमानपत्र वाचायचे. अवघड शब्द आला की थांबून अर्थ सांगायचे. आत सतरंजीवर आम्ही, बाहेर खिडकीखाली उभा महारवाड्यातला एक विणकर.

एकदा तो म्हणाला, "मालक, मले बी आत बसू द्या. मांगं कोपऱ्यात बसीन."

चिटणीस हसले. "अरे, तुले तिथून आयकू येते ना? मंग आत कायले?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आवाज उतरवला. आम्ही पुढे सरकून ऐकू लागलो. विणकर काही दिवस खिडकीला कान लावून उभा राहिला, मग यायचा थांबला.

ते वारले तेव्हा शोकसभा भरली. "गावाले वाचनाची गोडी त्याइनंच लावली," जो तो म्हणाला. खोटं कुणीच बोलत नव्हतं.